हेड गास्केट घरी बदललं, आता दोन सिलिंडर मिसिंग मारतायत. पुन्हा उघडू का?

अर्धापाना
नमस्कार मंडळी. चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन आहे. लोखंडी ब्लॉक, ॲल्युमिनियमचं हेड, दोन कॅमशाफ्ट, टायमिंग बेल्ट, प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल. बाहेर कुठेही गळती नसताना कूलंट कमी होत होतं. रेडिएटरच्या तोंडाशी ब्लॉक टेस्ट केली तर निळं द्रावण पिवळं पडलं, म्हणजे जळका वायू पाण्यात येतोय हे नक्की झालं. हेड उतरवल्यावर तिसऱ्या सिलिंडरपासून पाण्याच्या भोकापर्यंत गास्केटवर (हेड आणि ब्लॉकमधल्या पॅकिंगवर) जळकी पट्टी स्पष्ट दिसली.

हेड फेसिंग करून (मशीनवर घासून सपाट करून) आणलं. नवं गास्केट (पत्र्याच्या थरांचं, एमएलएस), नवे हेड बोल्ट, नवा बेल्ट, वॉटर पंप आणि थर्मोस्टॅट. बोल्ट मॅन्युअलमधल्या क्रमाने, आधी टॉर्क आणि मग डिग्रीत आवळले.

आता गाडी सुरू होते, पण सेल्फ बराच वेळ मारावा लागतो. आयडलिंगला सगळी गाडी थरथरते. पिकअप शून्य. सायलेन्सरमधून पांढरा धूर. तापमानाचा काटा वर जातो आणि मधेच धपकन खाली येतो, हीटर मात्र गारच. वरून टिकटिक आवाज. स्कॅनरवर पी०३०२ आणि पी०३०३, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरचं मिसफायर (आत नीट पेटत नाही).

दोन्ही शेजारचे सिलिंडर आहेत आणि जुनं गास्केटही तिथेच गेलं होतं. नवं पण तिथेच फुटलं का? पुन्हा हेड उतरवायच्या विचारानेच हात गळून गेलेत.

मुक्तछंद
काही बोल्ट उरलेत का? उरले नसतील तर चिंता आहे. कारखान्यातून आलेल्या इंजिनात दोन-चार जास्तीचे असतातच, असं माझं मत आहे. (हलके घ्या.)

जुनं_खोड
शेजारचे दोन सिलिंडर एकदम गेले म्हणजे मधल्या भिंतीवरचं पॅकिंग गेलं. यात विचार करण्यासारखं काही नाही. एकातलं कॉम्प्रेशन दुसऱ्यात जातं, दोन्ही बसतात. हेड उतरवा. फेसिंग करणाऱ्याने पातळी नीट धरली नसणार.

वाचनमात्र
वाचतोय. रुमाल टाकून ठेवतो.

टॅपेटकर
खोडकाका, थांबा जरा. निदान बरोबर असेलही, पण मोजल्याशिवाय हेडला हात लावायचा नाही. हेड पुन्हा उतरवलं की गास्केट गेलं, आणि ताणाचे बोल्ट असतील तर तेही गेले. ते एकदाच वापरायचे असतात, कारण शेवटच्या डिग्रीत आवळताना कायमचे लांबतात. आधी कॉम्प्रेशन टेस्ट करा, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते मोजा. गेज मागून आणता येतं.

करायची रीत अशी: इंजिन कोमट. इंधन पंपाचा फ्यूज काढा, कॉइलचे कनेक्टर काढा, चारही प्लग बाहेर. बॅटरी भरलेली हवी. एकाला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून बसवा, नाहीतर हवा आत जात नाही आणि आकडे खोटे येतात. प्रत्येक सिलिंडरला पाच-सहा धक्के, सगळ्यांना सारखेच. आकडे इथे टाका.

दोन शेजारचे खूप खाली आले तर खोडकाका जिंकले. चारही सारखेच खाली आले तर गोष्ट वेगळी आहे.

निळी_वायर
मला कोडांमध्ये दुसरंच दिसतंय. अर्धापाना, फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-३-४-२ आहे ना? दुसरा आणि तिसरा सिलिंडर ब्लॉकमध्ये शेजारी आहेतच, पण त्या क्रमात ते *जोडीदार* पण आहेत. दोन्ही पिस्टन एकदमच वर येतात. एक कॉम्प्रेशनच्या शेवटी असतो तेव्हा दुसरा एक्झॉस्टच्या शेवटी. या दोघांच्या कॉइलचे कनेक्टर एकमेकांत गेले तर ठिणगी पडते, पण बरोबर एक फेरी चुकून. दोघांतही पेटत नाही. पहिला आणि चौथा मात्र आपला निवांत चालू. दोन सिलिंडरवर गाडी थरथरत चालणार, सेल्फ जास्त मारावा लागणार, पिकअप नाही. तुम्ही लिहिलंय तेच.

बहुतेक गाड्यांत दुसऱ्या-तिसऱ्याच्या वायरी एकाच ठिकाणाहून फुटतात आणि लांबीही सारखीच असते. वायरचे रंग मॅन्युअलमधल्या आकृतीशी जुळवून बघा. इंजेक्टरचे कनेक्टर पण बघा, पण ते अदलाबदल झाले तर सहसा एवढं वाईट चालत नाही. इंधन व्हॉल्व्हच्या मागे साठून थोडं उशिरा आत जातं, एवढंच.

क्रँकेश्वर
निळी_वायर यांना दंडवत. "शेजारी" आणि "जोडीदार" यांत फरक असतो हे माझ्या घरी सांगून बघतो.

डोळस
मला एक कळत नाही. एवढा मोठा उद्योग घरी करायचाच कशाला? जे काम शिकायला लोक वर्षं घालवतात ते व्हिडिओ बघून करायचं आणि मग इथे येऊन विचारायचं. मेकॅनिककडे द्या, मोकळे व्हा.

टॅपेटकर
डोळस, माझा धंदा तोच आहे, आणि मला यांचं काम वाईट वाटत नाही. ब्लॉक टेस्ट करून मगच हेड उतरवलं, बोल्ट नवे घेतले, फेसिंग केलं. गॅरेजमध्ये सुद्धा सगळे एवढं करत नाहीत. आमच्या ओळखीच्या एका ठिकाणी हेडवर सरळपट्टी ठेवून फिलर गेज (फट मोजायचं पातं) न घालताच "बरं दिसतंय" म्हणून तसंच बसवलं होतं. ते पुन्हा उघडावं लागलं.

अर्धापाना
सगळ्यांचे आभार. डोळस, शिकायचं होतं म्हणून केलं, दुसरं कारण नाही. फेसिंगवाल्याने सरळपट्टी ठेवून दाखवली होती, ०.०५ मिलिमीटरचं पातं कुठेच शिरत नव्हतं. ब्लॉकचा पृष्ठभाग पण तसाच तपासला होता.

गेज उद्या मिळतंय. कनेक्टर आज संध्याकाळी बघतो.

गंधाली
एक गोष्ट तातडीची. तोपर्यंत ही गाडी चालवू नका, उभ्या-उभ्या सुद्धा जास्त वेळ सुरू ठेवू नका. दोन सिलिंडरचं न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडे जातंय. ते कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणाऱ्या डब्यात) जाऊन जळतं आणि आतली जाळी वितळू शकते. चेक इंजिनचा दिवा नुसता पेटलेला नसून लुकलुकत असेल तर त्याचा अर्थ हाच असतो.

दुसरं, ब्लॉक कसा साफ केलात? फिरत्या मशीनवर घासणारी गोल चकती लावली होती का?

अर्धापाना
ताई, दिवा लुकलुकतोय खरा. गाडी बंदच ठेवतो.
चकती नाही लावली. प्लॅस्टिकची पट्टी आणि गास्केट काढायचा फवारा.

गंधाली
सुटलात. त्या चकत्यांमधून ॲल्युमिनियम ऑक्साइडची पूड सुटते. ती तेलाच्या वाटांमध्ये उतरते आणि नंतर बेअरिंग खाते. गास्केट छान बसतं, गाडी छान सुरू होते आणि काही दिवसांनी खालून ठोके ऐकू येतात. तेव्हा कुणाला आठवतही नाही की सुरुवात साफसफाईपासून झाली.

बोल्टची भोकं कोरडी केली होती का? ज्या भोकाला तळ आहे त्यात तेल किंवा कूलंट राहिलं तर बोल्ट आत जाताना द्रव दाबला जातो. पाना क्लिक देतो, पण तो दाब द्रवाचा असतो, गास्केटवर आलेलाच नसतो. वाईट नशीब असेल तर ब्लॉकला तडा जातो.

अर्धापाना
हो, हवा मारून आणि कापडाने. आट्यांना मॅन्युअलमध्ये सांगितलं तेवढाच तेलाचा हात.

जुनं_खोड
आमच्या वेळी हे डिग्री-बिग्री प्रकरण नव्हतं. पॅकिंगला दोन्हीकडून ॲल्युमिनियम पेंटचा हात मारायचो, हेड बसवायचं, गाडी गरम करून थंड झाल्यावर पुन्हा एकदा सगळे बोल्ट आवळायचे. ते दुसऱ्यांदा आवळणं राहिलं असेल तर आत्ता करून टाका.

टॅपेटकर
काका, ते करू नका अजिबात! म्हणजे तुमच्या वेळी बरोबर होतं, यांच्या इंजिनाला नाही. ते जुने पॅकिंग दबून बसायचे, मग बोल्ट ढिले पडायचे, म्हणून पुन्हा आवळायचे. पत्र्याचे थर तसे दबत नाहीत आणि डिग्रीत आवळलेला बोल्ट आधीच ताणाच्या टोकावर असतो. त्याला पुन्हा पाना लावला तर तुटेल. मॅन्युअल पुन्हा आवळा म्हणत नसेल तर आवळायचं नाही.

आणि पेंटही नाही. एमएलएस गास्केटवर कारखान्यातूनच पातळ रबरी थर येतो. कोरडंच बसवायचं. अपवाद एकच: टायमिंग कव्हर आणि ब्लॉक जिथे मिळतात त्या सांध्यावर काही इंजिनांत सिलिकॉनचा एक ठिपका सांगितलेला असतो. तेवढाच.

जुनं_खोड
असेल बुवा. आमच्या गाड्या पेंटवरही लाखभर किलोमीटर गेल्या.

मुक्तछंद
अवांतर: टॉर्क रेंचचा क्लिक ऐकल्यावर "जरा अजून" म्हणून पुन्हा एकदा दाबणारे हात वर करा. मी करतो.

क्रँकेश्वर
मी तीनदा दाबतो. एकदा पान्यासाठी, एकदा मनःशांतीसाठी, एकदा बायको बघतेय म्हणून.

थंड_पाणी
अवांतरात भर: वापर झाल्यावर क्लिकवाला रेंच सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवत जा. स्प्रिंग दाबलेली राहिली तर पुढच्या वेळी आकडा भरवशाचा राहत नाही.

आता माझा मुद्दा. काटा वर जाऊन धपकन खाली येतो आणि हीटर गार, हे गास्केटचं लक्षण वाटून लोक घाबरतात, पण पाणी उपसून पुन्हा भरलेल्या इंजिनात ते बहुतेक वेळा अडकलेल्या हवेचं असतं. सेन्सर पाण्याऐवजी वाफेच्या फुग्यात असतो. फुगा सरकला की काटा पडतो. हीटरची नळी उंचावर असते म्हणून हवा आधी तिथेच जाऊन बसते.

गाडीचं तोंड चढावर करा. इंजिन पूर्ण गार असताना रेडिएटरचं झाकण उघडा, हवा काढायचा स्क्रू असेल तर तोही. हीटर पूर्ण गरमवर. हळूहळू भरत जा, वरची होज दाबत राहा, बुडबुडे येतील. मग सुरू करून थर्मोस्टॅट उघडेपर्यंत पातळी राखत राहा. आणि थर्मोस्टॅटवर छोटीशी लटकणारी पिन असेल तर ती वरच्या बाजूला आली आहे ना ते आठवून बघा; हवा तिथूनच निघायची असते. गरम झाल्यावर झाकणाला हात लावू नका, हे सांगायला नको, तरी सांगतो.

निळी_वायर
थंड_पाणी यांना अनुमोदन, पण आधी चारही सिलिंडर चालू होऊ देत. दोनावर चालवून थर्मोस्टॅट उघडेपर्यंत थांबलात तर गंधालीताईंचा कन्व्हर्टर गेलाच.

अर्धापाना
निळी_वायर, तुमचे पाय कुठे आहेत?

आकृतीत दुसऱ्या कॉइलची वायर हिरवी-पांढरी, तिसऱ्याची निळी-पांढरी. माझ्याकडे उलट होतं. बदलले. सेल्फ मारताच गाडी उठली, चारही सिलिंडर चालू, थरथर गेली. दोन्ही कोड पुसल्यावर परत आलेले नाहीत.

क्रँकेश्वर
खोडकाका, हेड उतरवायला निघाला होतात ना? पाना खाली ठेवा.

जुनं_खोड
ठेवला. पण मी गाडी बघितली नव्हती, तुम्ही लोकांनीही नव्हती. दिसायला दोन्ही सारखंच दिसतं. यात लाजण्यासारखं काय?

डोळस
चला, सुटला प्रश्न. धागा बंद करा.

अर्धापाना
नाही हो, पूर्ण नाही सुटला. आयडलिंग गुळगुळीत आहे पण जरा जड वाटतं. पिकअप अजून पूर्वीसारखा नाही, चढावर जीव काढते. पांढरा धूर कमी झालाय, गेलेला नाही. टिकटिक आहेच. गेज आणलंच होतं म्हणून कॉम्प्रेशन घेतलं, टॅपेटकरांनी सांगितलं तसंच:

१ला १५२, २रा १५०, ३रा १५०, ४था १५४ पीएसआय. मॅन्युअल म्हणतं १७८ असावं, किमान १३५.

मर्यादेच्या आत आहे, म्हणजे पास ना?

डोळस
पास. जुन्या इंजिनाला आणखी काय हवं.

टॅपेटकर
मला पास वाटत नाही. दोन गोष्टी चांगल्या आहेत: चारही आकड्यांत फरक अगदी किरकोळ आहे, म्हणजे गास्केट, व्हॉल्व्ह आणि रिंगा यांतलं एखाद्याच सिलिंडरचं दुखणं नाही. शेजारच्या दोन सिलिंडरमधून गळती असती तर ते दोन आकडे पार पडले असते. तो विषय मिटला.

पण चारही सारखेच खाली? झिजलेल्या रिंगा इतक्या शिस्तीत झिजत नाहीत. त्यातून हेड फेसिंग केलंय, म्हणजे कॉम्प्रेशन किंचित वाढायला हवं होतं. हे व्हॉल्व्ह टायमिंगचं लक्षण आहे. कॅम (व्हॉल्व्ह उघडणारे दांडे) क्रँकच्या मागे असतील तर इनटेक व्हॉल्व्ह (हवा आत घेणारा) उशिरा बंद होतो. पिस्टन वर यायला लागलेलं असतं तरी व्हॉल्व्ह उघडाच, घेतलेली हवा परत बाहेर ढकलली जाते, आणि चारही सिलिंडरमध्ये सारखीच.

खात्री करायची असेल तर प्रत्येक सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा उडी मारून वर गेला तर रिंगा. जागचा हलला नाही तर टायमिंगकडे बघा.

गंधाली
बेल्टचं कव्हर काढायच्या आधी आणखी एक सोपं बघता येईल. स्कॅनर आहे ना? गरम इंजिन, आयडलिंग, एसी बंद, इनटेक मॅनिफोल्डचा (हवा आत नेणाऱ्या नळ्यांचा) दाब किती दाखवतो? साधारण समुद्रसपाटीजवळ, धडधाकट इंजिनाचा ३० ते ४० किलोपास्कल येतो. कॅम मागे राहिले की इंजिन नीट ओढत नाही, दाब वर जातो आणि तिथेच स्थिर राहतो. कुठे होज सुटली असेल तरी वर जातो, पण मग मिश्रण पातळ असल्याची तक्रार पण बहुतेक दिसते, म्हणून फ्युएल ट्रिमचे (इंजिनाचा कॉम्प्युटर पेट्रोल किती कमी-जास्त करतोय त्याचे) आकडे सोबत द्या.

अर्धापाना
दाब ५२. स्थिर. काटा हलत नाही. ट्रिम दोन्ही दोन-तीन टक्क्यांच्या आत.
ऑइल टाकून मोजलं: चार-पाच पीएसआयच वाढले.

फेसिंगमुळे हेड खाली आलं, म्हणून कॅम मागे पडले असं होतं का? कुठेतरी वाचलं होतं.

टॅपेटकर
होतं, पण नगण्य. हेड खाली आलं की क्रँक आणि कॅममधलं अंतर घटतं, म्हणून कॅम किंचित मागे पडतात. दोन दशांश मिलिमीटर कापलं असेल तर फरक एका डिग्रीपेक्षाही कमी. बेल्टचा एक दात सरकला तर मात्र गणित वेगळं: क्रँकच्या चाकाला २४ दात धरा, एक दात म्हणजे क्रँकच्या १५ डिग्री. ५२ किलोपास्कल आणि शिस्तीत पडलेलं कॉम्प्रेशन बघता माझी पैज एका दातावर.

कव्हर काढा. क्रँक हाताने, नेहमीच्या दिशेने दोन पूर्ण फेऱ्या फिरवा आणि मग सगळ्या खुणा बघा. दोन फेऱ्या का, तर क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमची एक होते. खूण बघायची ती आतल्या दात्यांच्या चाकावरची. बाहेरच्या पुलीवर दोन-तीन खाचा असतात, त्यातली एकच टीडीसीची (पिस्टन सगळ्यात वर असण्याची), बाकी इग्निशनच्या. तिथे लोक फसतात.

वाचनमात्र
एक बाळबोध प्रश्न. दात सरकला असताना एवढे दिवस चालवली तर व्हॉल्व्ह वाकले नसतील का? आणि कंट्रोल युनिटला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) कळत कसं नाही?

टॅपेटकर
बाळबोध अजिबात नाही. एका दाताने बहुतेक इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनला भिडत नाही, तेवढी जागा ठेवलेली असते. वाकले असते तर एखाद्या सिलिंडरचा आकडा पडला असता. इथे चारही समान आहेत. जास्त दात चुकले असावेत अशी शंका असेल तर सेल्फ मारूच नये, हाताने फिरवून बघावं आणि अडलं तर जबरदस्ती करू नये.

कंट्रोल युनिटचं म्हणाल तर कॅम आणि क्रँकच्या सेन्सरचं गणित चुकलं की पी००१६ वगैरे येतो. पण एक दात सरकला तर काही युनिट कुरकुरतच नाहीत, त्यांना तेवढी सूट दिलेली असते. कोड नाही म्हणून टायमिंग बरोबर असं समजू नये.

मुक्तछंद
म्हणजे कंट्रोल युनिटसुद्धा "जरा इकडेतिकडे चालायचंच" या विचारसरणीचं आहे. बरं वाटलं.

अर्धापाना
टॅपेटकर, पैज जिंकलात. हाताने दोन फेऱ्या मारल्यावर क्रँकची खूण बरोबर टीडीसीवर, दोन्ही कॅम एकेक दात मागे. दोघांच्या एकमेकांतल्या खुणा मात्र जुळत होत्या.

बेल्ट चढवताना सगळं जुळलेलं होतं, त्याचा फोटोही आहे माझ्याकडे. मग सरकला कसा?

टॅपेटकर
फोटो टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) सोडायच्या आधीचा असणार. टेन्शनर ज्या बाजूला असतो, सगळा ढिलेपणा त्याच बाजूला यायला हवा. क्रँकपासून कॅमकडे जाणारी ओढीची बाजू आधी ताठ हवी. तिथे थोडी ढील राहिली तर खुणा जुळलेल्या दिसतात, पण क्रँक फिरायला लागला की आधी ती ढील संपते आणि मग कॅम ओढले जातात. तोवर क्रँक पुढे गेलेला. म्हणून बेल्ट क्रँकवरून सुरू करून ओढीच्या बाजूने ताठ ठेवत कॅमवर चढवायचा, टेन्शनरकडे शेवटी यायचं, आणि दोन फेऱ्या मारल्याशिवाय कव्हर लावायचं नाही.

गंधाली
बेल्ट पुन्हा बसवायच्या निमित्ताने ऑइल पण बदलून टाका. हेड उचलताना थोडं कूलंट खाली उतरतंच आणि ते तेलात गेलं की बेअरिंगवरचा थर टिकत नाही. नवं ऑइल थोडं चालवून पुन्हा एकदा लवकर बदललं तर आणखी बरं. फिल्टरसकट.

पांढऱ्या धुराबद्दल: गास्केट फुटलेलं असताना कूलंट सायलेन्सरमध्ये साठलेलं असतं. ते उडून जायला चांगली गरम करून अर्धा तास रस्त्यावर पळवावी लागते, उभ्या-उभ्या आयडलिंगवर ते निघत नाही. त्यानंतरही गरम इंजिनात गोडसर वासाचा धूर येत राहिला तर मात्र काळजी. तेव्हा गार इंजिनाची कूलंट सिस्टम झाकणावर लिहिलेल्या दाबापर्यंत पंपाने भरून ठेवा, साधारण १५ पीएसआय असतो. काही तासांनी दाब पडला असेल तर प्लग काढून सेल्फ मारा. कुठल्या भोकातून तुषार येतो तो सिलिंडर. आत बघायचा कॅमेरा असेल तर एखाद्या पिस्टनचा माथा धुतल्यासारखा चकचकीत आहे का बघा. काजळी वाफेने साफ होते.

थंड_पाणी
आणि रोज सकाळी गार असताना कूलंटच्या टाकीवर पातळीची रेघ मारा. पहिले काही दिवस हवा निघते म्हणून थोडी उतरते आणि मग थांबते. थांबली नाही तर वरचं सगळं करा.

जुनं_खोड
हे बरोबर सांगितलंत. रेघ आम्ही पण मारायचो.

अर्धापाना
अपडेट. बेल्ट पुन्हा चढवला, दोन फेऱ्या, खुणा जागेवर. कॉम्प्रेशन १७२, १७१, १७१, १७४. मॅनिफोल्डचा दाब आयडलिंगला ३४. पिकअप परत आला, चढाव तिसऱ्या गिअरमध्ये चढते. थंड_पाणी यांच्या पद्धतीने हवा काढली, बुडबुडे बराच वेळ येत होते. आता हीटर हात भाजेल असा आणि काटा मधोमध गप्प. लांब पळवून आणल्यावर धूर दिसेनासा झाला. ब्लॉक टेस्ट पुन्हा केली, द्रावण निळंच राहिलं.

टिकटिक मात्र तशीच आहे. हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारे) टॅपेट आहेत, हेड काढून ठेवलं तेव्हा त्यांतलं तेल उतरलं असेल असं समजून सोडून दिलं होतं.

टॅपेटकर
ते एव्हाना भरायला हवे होते. आवाज गार असताना जास्त आणि गरम झाल्यावर कमी होतो का?

अर्धापाना
हो. गरम झाल्यावर जवळजवळ जातो.

टॅपेटकर
मग टॅपेटपेक्षा एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर संशय घ्या. सांध्यातून वायू फटफटतो, लोखंड तापून फुगलं की फट मिटते. हुबेहूब टॅपेटसारखाच ऐकू येतो. गार इंजिन सुरू केल्यावर लगेच, तापायच्या आत, सांध्यापाशी हात नेऊन फुंकर लागते का बघा. काजळीची काळी रेघ पण दिसेल. नट ढिला असेल तर आवळा, स्टड तुटला असेल तर सांगा, ते काढणं हा स्वतंत्र विषय आहे.

अर्धापाना
उद्या सकाळी बघतो. मूळ प्रश्नाचं उत्तर: हेड उघडलं नाही, उघडायची गरज पडली नाही.

डोळस
मान्य. मी तर मेकॅनिककडे द्या म्हणालो होतो आणि तिकडे हेड उतरवलं गेलं असतं.

निवांत
धागा वर काढतोय. माझ्याकडे डिझेल आहे, हेड उतरवलंय. दुकानदार विचारतोय गास्केट किती खाचांचं हवं, एक, दोन की तीन. काहीही दिलं तर चालेल का?

टॅपेटकर
नाही चालणार. डिझेलमध्ये पिस्टन ब्लॉकच्या वर किंचित येतात, ते किती येतात त्यावर गास्केटची जाडी ठरते. खाचा म्हणजे जाडीची खूण. जास्त जाड बसवलं तर कॉम्प्रेशन जाईल, जास्त पातळ बसवलं तर पिस्टन हेडला भिडेल. जुन्यावर किती खाचा होत्या ते बघा, आणि ब्लॉकचं फेसिंग केलं असेल तर जुन्यावर पण विसंबू नका.

गंधाली
निवांत, नवा धागा काढा. डायल गेजने प्रत्येक पिस्टन टीडीसीला ब्लॉकच्या किती वर येतो ते मोजा, चारही आकडे त्यात द्या. सगळ्यात मोठा आकडा धरून जाडी निवडायची असते.